कुसळ, कापूस आणि आग

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. तीत आठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती, काम करणारी माणसे होती, आणि एक लहान मूलही होते. आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. शॉर्ट सर्किटमुळे ती लागली असावी, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला.

अशी बातमी आली की पारावर, बसथांब्यावर आणि शिक्षकांच्या खोलीतही एक वाक्य हमखास ऐकू येते : “उन्हाळ्याचे दिवस, आगी लागायच्याच.” डोंगरावर वणवा दिसला तरी हेच वाक्य, उसाचा फड जळाला तरी हेच. हे वाक्य कितपत खरे आहे? सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. कापूस किंवा वाळलेले गवत पेटण्यासाठी मात्र त्याचे तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात जावे लागते. म्हणजे नुसत्या उन्हाने कापूस पेटत नाही आणि गवतही पेटत नाही. मग उन्हाळा नेमके करतो तरी काय?

या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. गंमत अशी की, ते उत्तर एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन धंद्यांनी स्वतंत्रपणे शोधले : एक कापडगिरणीचा आणि दुसरा रान राखण्याचा. सोलापूरला हे दोन्ही शेजारी नांदतात. अक्कलकोट रस्त्यावर टॉवेल आणि चादरींचे यंत्रमाग आहेत, तर बार्शी रस्त्याने वीसएक किलोमीटरवर नान्नजचा माळ, म्हणजे १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य आहे. एकीकडे कापूस, दुसरीकडे गवत. या दोघांना जोडणारा इतिहास आपण पाहू.

कुसळाचे यंत्र

माळावरून चालताना धोतराला किंवा सलवारीला चिकटणारे कुसळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कुसळी गवताचे हे कुसळ ओले केले की त्याचा पीळ सुटतो आणि वाळले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत ते बी जमिनीत रुजवते. ओलाव्याने फिरणाऱ्या अशाच एका कुसळाचा उपयोग इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने केला. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने रानटी ओटच्या कुसळाला बारीक काटा लावून हवेचा ओलावा दाखवणारे यंत्र वर्णन केले आहे. हवा दमट झाली की काटा एका बाजूला फिरे, कोरडी झाली की दुसऱ्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडन शहर चार दिवस जळत होते. त्याआधीचा उन्हाळा कोरडा गेला होता आणि पूर्वेकडून जोराचा वारा सुटला होता. आगीनंतर शहराची पुन्हा मोजणी आणि आखणी करण्यासाठी जे सर्व्हेअर नेमले गेले, त्यांत हुकही होता. हवेचा कोरडेपणा मोजणारा आणि जळालेले शहर मोजणारा माणूस एकच! तरीही या दोन गोष्टी कोणी एकत्र जोडल्या नाहीत. ओलावा मोजणे ही त्या काळी एक करमणूक होती. त्या आकड्याचे करायचे काय, हे ठाऊक नव्हते.

१७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूरने माणसाच्या केसाची लांबी ओलाव्याने वाढते, हे वापरून अधिक भरवशाचा आर्द्रतामापक तयार केला. पुढे एकोणिसाव्या शतकात कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या दोन तापमापकांचे साधन आले. आज ते शाळेच्या प्रयोगशाळेतही सहज करता येते.

इथे सापेक्ष आर्द्रतेची कल्पना स्पष्ट करून घेऊ. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ सामावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हा तो आकडा. समजा, सकाळी २६ अंश तापमानाला आर्द्रता ५५ टक्के आहे. वाफ तेवढीच राहून दुपारी हीच हवा ४२ अंशांपर्यंत तापली, तर आर्द्रता २२-२३ टक्क्यांवर येते. हवेतून पाणी कोठेही गेले नाही. हवेची तहान वाढली. उन्हाळ्याचे खरे काम हे आहे. तो पेटवत नाही, तो हवेला तहानलेली करतो.

गिरणीचा हिशोब

हा तहानलेपणा पहिल्यांदा पैशांत मोजला तो व्यापाऱ्यांनी. रेशीम, लोकर आणि कापूस हवेतून ओलावा शोषून घेतात. पावसाळी दिवशी तोललेला माल जड भरतो, कोरड्या दिवशी तोच हलका. मग भाव कोणत्या वजनावर ठरवायचा? फ्रान्समधील लिआँ शहरात १८०५ साली सरकारी हुकमाने रेशमाचा ओलावा तपासणारे सार्वजनिक केंद्र सुरू झाले, ते या भांडणातून. कापसाच्या बाबतीत व्यापारात पुढे साडेआठ टक्के हा आकडा रूढ झाला : पूर्ण कोरड्या १०० किलो कापसात साडेआठ किलो पाणी धरायचे आणि त्यावर हिशोब करायचा.

गिरणीवाल्यांना दुसरीही एक गोष्ट कळली होती. कापसाचे सूत ओलसर असले की बळकट असते, कोरडे पडले की तटातट तुटते. कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत साठते, तंतू एकमेकांपासून फिसकारतात आणि पिंज उडू लागते. म्हणून लँकेशायरच्या विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. मालकाला सूत टिकवायचे होते. कामगाराचा मात्र जीव गुदमरत असे. अखेर १८८९ साली ब्रिटनमध्ये कायदा होऊन शेडमध्ये आर्द्रतामापक टांगणे आणि ओलाव्याची मर्यादा पाळणे बंधनकारक झाले.

मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची दमट हवा फुकट मिळाली. सोलापूरचे तसे नव्हते. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने येथे पहिली गिरणी उभी राहिली. ती पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखली गेली. त्यानंतर आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर येथे स्थिरावले. हातमागाचे यंत्रमाग झाले. गिरण्यांच्या पडत्या काळानंतर कापडाचा धंदा यंत्रमागांच्या लहान लहान कारखान्यांत तगून राहिला आणि अक्कलकोट रोडची वसाहत टॉवेल-चादरींसाठी नावाजली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण हवा बदलली नाही. मार्च ते मे या महिन्यांत दुपारची आर्द्रता येथे २० ते ३० टक्क्यांच्या आसपास घुटमळते.

अमेरिकेत स्टुअर्ट क्रॅमर या गिरण्यांच्या अभियंत्याने १९०६ साली या सगळ्या खटाटोपाला एक नाव दिले. सुताला योग्य ओलावा देण्याच्या क्रियेला गिरणीत ‘कंडिशनिंग’ म्हणत. तेच हवेला लावून त्याने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द तयार केला. आज आपण तो शब्द थंडाव्यासाठी वापरतो, पण त्याचा जन्म सुताच्या ओलाव्यातून झाला आहे.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : बाहेरच्या हवेचा आकडा पाहून कापसात किती पाणी असेल, हे सांगता येते. आर्द्रता ६५ टक्के असेल तर सात-आठ टक्के. २०-२५ टक्क्यांवर घसरली तर जेमतेम तीन-चार टक्के. पण गिरणीने हा आकडा वाचला तो तुटणाऱ्या धाग्यासाठी. तोच आकडा आगीचाही आहे, हे रानातल्या माणसांनी दाखवले.

रानाचा हिशोब

आपल्याकडे सरकारी वनखाते १८६० च्या दशकात उभे राहिले. साग आणि साल वाचवायचे तर वणवे रोखले पाहिजेत, हे त्या खात्याचे पहिले सूत्र होते. तेव्हाच्या मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी त्याच दशकात वणव्यापासून संरक्षणाचा प्रयोग यशस्वी केला. उन्हाळा लागण्यापूर्वीच गवताचे पट्टे साफ करून जंगलाचे भाग पाडायचे, ही ती पद्धत. आजही महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या तोंडावर वनरक्षक ‘जाळरेषा’ काढतात, त्यामागे हीच परंपरा आहे. वणवा कधी लागेल, हे मात्र अनुभवी माणसाच्या अंदाजावरच सोपवलेले होते.

२० व २१ ऑगस्ट १९१० रोजी अमेरिकेतील आयडाहो-मोंटाना भागात कोरड्या उन्हाळ्यानंतर वादळी वारा सुटला आणि शेकडो लहान आगी एक झाल्या. दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि ऐंशीच्या आसपास माणसे मेली; त्यांत बहुतेक आग विझवणारीच होती. या तडाख्यानंतर ‘आगीचे हवामान’ हा अभ्यासाचा विषय झाला.

१९२२ साली आयडाहोतील प्रिस्ट रिव्हरच्या संशोधन केंद्रात हॅरी गिसबोर्न हा तरुण वनसंशोधक दाखल झाला. त्याचा प्रश्न साधा होता : रानातले वाळलेले जळण आज किती कोरडे आहे? यातून पुढे जी पद्धत रूढ झाली ती शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. पूर्ण सुकल्यावर बरोबर १०० ग्रॅम भरेल अशी लाकडी काड्यांची जुडी उघड्यावर ठेवायची आणि रोज तोलायची. वजन ११२ ग्रॅम भरले तर ओलावा १२ टक्के. १०५ भरले तर ५ टक्के. गणित करायला नको, तराजूच उत्तर देतो. गिसबोर्नने आर्द्रता, वारा आणि जळणाचा ओलावा एकत्र करून आगीच्या धोक्याची तबकडी बनवली. याच सुमारास कॅनडात आणि पुढे ऑस्ट्रेलियात असेच निर्देशांक तयार झाले. आज जगभर वणव्याचा इशारा देणाऱ्या पद्धती याच मुळापासून वाढल्या आहेत.

लिआँच्या व्यापाऱ्याचा तराजू आणि गिसबोर्नचा तराजू एकच गोष्ट तोलत होते. कारण कापसाचा तंतू म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज आणि वाळलेल्या गवताचा किंवा लाकडाचा मुख्य घटकही सेल्युलोजच. सेल्युलोजचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवा तहानली की ते पाणी सोडतात. जिवंत झाड मुळांनी पाणी ओढून घेते. तोडलेला कापूस आणि वाळलेले गवत यांना तो आधार उरत नाही. ते पूर्णपणे हवेच्या स्वाधीन असतात.

पाण्याचा पहारा

तीन-चार किंवा दहा-बारा टक्के ओलाव्याने एवढा फरक का पडावा? थोडे गणित करू. पूर्ण कोरड्या हिशोबाने १०० ग्रॅम गवत घ्या. ते ३० अंशांपासून ३०० अंशांपर्यंत तापवायला, विशिष्ट उष्णता सुमारे ०.३५ धरली तर, ९,४५० कॅलरी लागतात. आता त्यात २० टक्के, म्हणजे २० ग्रॅम पाणी आहे असे माना. हे पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला १,४०० आणि त्याची वाफ करायला, प्रत्येक ग्रॅमला ५४० प्रमाणे, १०,८०० कॅलरी लागतील. एकूण खर्च २१,६५० कॅलरी. पाणी ५ टक्केच असेल तर पाण्यावरचा खर्च ३,०५० आणि एकूण १२,५०० कॅलरी.

म्हणजे ओल्या गवतावर पडणाऱ्या उष्णतेतली निम्म्याहून अधिक उष्णता पाणीच खाऊन टाकते. जळणारी काडी शेजारच्या काडीला जी उष्णता देते, ती एवढ्या खर्चाला पुरली नाही तर आग तिथेच विझते. म्हणूनच ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक गवतात आग नीट धावत नाही आणि ५ टक्क्यांवर विडीचे थोटूकही पुरते. ओलावा हा गवतातला पहारेकरी आहे. उन्हाळा आग लावत नाही. तो हा पहारा उठवतो.

दुसरा मुद्दा जाडीचा. गवताची बारीक काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. जाड ओंडक्याला आठवडे लागतात. त्यामुळे काल वळीव पडून गेला म्हणून आज माळ सुरक्षित आहे, असे मानू नये. एका तापलेल्या सकाळीत गवत पुन्हा कोरडे होते. कारखान्यातही तोच नियम लागू आहे. घट्ट दाबलेली गाठ सावकाश सुकते आणि सावकाश जळते. पण मागाखाली, पंख्याच्या पात्यांवर, दिव्याच्या पट्टीवर साचलेली पिंज म्हणजे गवताच्या काडीहून बारीक जळण. तिच्यावरून ज्वाळा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत क्षणात धावते. टेरी टॉवेलवरचे उभे फासेही असेच : प्रत्येक फासा हवेने वेढलेला.

वाऱ्याचे काम

कोरडेपणा जळण तयार करतो, पण ते पुढे नेतो वारा. तो ज्वाळेला प्राणवायू पुरवतो. तो ज्वाळेला वाकवतो, त्यामुळे पुढचे गवत आधीच तापते. तो ठिणग्या उचलून रस्ता, ओढा, जाळरेषा ओलांडून पलीकडे टाकतो. शिवाय तो विजेच्या तारा एकमेकींवर आपटवतो. तारांच्या ठिणग्यांनी उसाचे फड पेटल्याच्या बातम्या सोलापूर जिल्ह्याला नवीन नाहीत.

आपल्या इतिहासात याचा एक मोठा पुरावा आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यातील बाजारात आग लागली. जोराच्या वाऱ्याने ती इतकी पसरली की किल्ल्यातील वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा नष्ट झाला. आग रोखण्यासाठी तोफांनी घरे पाडून मोकळी जागा करावी लागली. म्हणजे शहरात काढलेली जाळरेषाच ती! या आगीनंतर वस्ती किल्ल्याबाहेर वाढू लागली. पुण्याचा शनिवारवाडा जळाला तो २७ फेब्रुवारी १८२८ रोजी. दोन्ही तारखा फेब्रुवारीच्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा उकाडा नसतो, पण पावसाळा संपून चार महिने झालेले असतात आणि लाकूड, गवत, चटया वाळलेल्या असतात.

अलीकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजी, ऐन हिवाळ्यात, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात वाळलेल्या गवताला आग लागली. ताशी दीडशे किलोमीटरहून वेगाच्या झोतांनी ती वस्तीत शिरली आणि एका दिवसात हजाराहून अधिक घरे खाक झाली. उष्मा नव्हता, कोरडे गवत आणि वारा होता, तेवढे पुरले.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या आधी सुटणारे वावटळीचे झोत विशेष धोक्याचे. पाऊस पडण्याआधी ढगातून खाली आदळलेली हवा जमिनीवर चहूकडे पसरते आणि वाऱ्याची दिशा काही मिनिटांत फिरते. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिल येथे अशाच वादळाच्या झोताने आग उलटली आणि १९ अग्निशामक जवान तीत सापडले. माळावर बांध पेटवणाऱ्या किंवा पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याने पश्चिमेचा वारा पाहून काढलेला अंदाज असाच फसू शकतो.

तीन प्रश्न

आता पुन्हा अक्कलकोट रोडकडे वळू. ती आग पहाटेची होती, इमारतीच्या आतली होती. २०२५ चा मे महिनाही महाराष्ट्रात नेहमीपेक्षा पुष्कळ ओला गेला. २६ मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला होता. तेव्हा त्या दुर्घटनेचे खापर उन्हाळ्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. आम्ही ती बातमी येथे घेतली ती नेमकी यासाठीच.

कोणत्याही आगीबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते. ती पेटली कशाने? पसरली कशाने? आणि माणसे अडकली कशाने? हवामान मुख्यत्वे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्याचे उत्तर बहुधा माणसाच्या हातात असते : झिजलेली वायर, वाढवत नेलेला विजेचा भार, टाकलेली विडी, बांधावर लावलेली काडी. भारतातील बहुतेक वणवेही माणसामुळेच लागतात. तिसऱ्याचे उत्तर तर पूर्णपणे इमारतीत असते. बंद जागेत जिना हाच धुराडे होतो. आग स्वतःचा वारा स्वतः तयार करते आणि ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. माल साठवायची जागा आणि झोपायची जागा एकच असेल, बाहेर पडायला दुसरा दरवाजा नसेल, तर सापेक्ष आर्द्रता कितीही असली तरी उपयोग नाही. “उन्हाळा आहे, लागायचीच” हे वाक्य या तीन प्रश्नांना एकाच झटक्यात झाकून टाकते. म्हणून ते धोक्याचे आहे.

याउलट दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधी कळू शकते, हा विज्ञानाचा लाभ आहे. वनक्षेत्रातील आगी उपग्रहांनी टिपून भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून वनखात्यांना सूचना देत आली आहे. पण उपग्रह पेटलेली आग पाहतो. पेटण्याआधीचा कोरडेपणा पाहायला दोन तापमापक आणि एक तराजू पुरतो. कारखान्यात दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांखाली गेली, तर त्या दिवशी पिंज दोनदा झाडायची, मालाजवळ वेल्डिंग करायचे नाही, रात्री जाताना मुख्य स्विच बंद करायचा. सूत तुटू नये म्हणून जो आकडा पाहायचा, तोच माणूस वाचावा म्हणून पाहायचा, एवढेच.

शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. मार्च महिन्यात वाळलेल्या गवताची आणि कापसाची प्रत्येकी शंभर-शंभर ग्रॅमची जुडी सावलीत, उघड्या हवेत टांगावी. सकाळी सातला आणि दुपारी तीनला मुलांनी ती तोलावी आणि शेजारी दोन तापमापकांचे आकडे लिहावेत. काही ग्रॅमचा फरक त्यांना दिसेल, आणि गवताचा व कापसाचा आलेख एकाच दिशेने चढतो-उतरतो, हेही दिसेल. माळावरचे एखादे लांब कुसळ पुठ्ठ्यावर बसवून त्याला कागदाचा काटा लावला, तर हुकचे यंत्रही तयार होईल. पेटवून पाहण्याची मुळीच गरज नाही. दुपारी तीनला वजन सर्वांत कमी भरले की, आज पहारा उठला आहे, एवढे मुलांना कळावे. त्यांतल्या पुष्कळांचे आईवडील मागावर असतील किंवा शेतात असतील. तो आकडा घरी नेणारे त्यांच्याइतके भरवशाचे दुसरे कोणी नाही.